हॅरी लाइम कुणाला आवडतो?

हॅरी लाइम मेला त्याला दोन वर्षं होतात न होतात तोच तो रेडिओवर परत आला. 1949 सालच्या ‘द थर्ड मॅन’ या चित्रपटाच्या शेवटी व्हिएन्नाच्या भुयारी गटारात त्याच्या जिवलग मित्रानंच त्याला गोळी घातली होती, आणि ते सगळ्या जगानं पाहिलं होतं. तरी 1951 साली त्याच्या नावानं रेडिओमालिका सुरू झाली. प्रत्येक भागाच्या आरंभी चित्रपटातली ती गाजलेली धून वाजायची, मग गोळीचा आवाज यायचा आणि चित्रपटात लाइम रंगवणारा ऑर्सन वेल्स आपल्या भारदस्त आवाजात सांगायचा की या गोळीनं हॅरी लाइम संपला, पण त्याआधी तो पुष्कळ जगला होता. असे 52 भाग झाले. या मालिकेतला लाइम गोड बोलणारा, शहराशहरांतून हिंडणारा, धनदांडग्या लबाडांना टोपी घालणारा. 1959 पासून तो दूरचित्रवाणीवरही आला. तिथं मायकेल रेनीनं रंगवलेला लाइम तर लंडनमधला प्रतिष्ठित व्यापारी झाला होता आणि लोकांच्या अडचणी सोडवत होता.

मूळ चित्रपटात हाच माणूस लष्करी इस्पितळांतून चोरलेलं पेनिसिलिन पातळ करून विकतो. ते टोचून घेणाऱ्यांचे पाय सडतात, बाळंतिणी मरतात, मेंदूज्वर झालेली मुलं मरतात आणि जगलेली वेडी होतात. पेनिसिलिनची तेव्हाची किंमत आज सहज लक्षात येत नाही. आपल्याकडे पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं उभा राहिला तो 1954 साली. त्याआधीच्या, युद्धानं पिळून निघालेल्या युरोपात हे औषध मुख्यतः लष्कराच्या ताब्यात होतं आणि सामान्य माणसाला काळ्या बाजाराशिवाय वाट नव्हती. लाइमनं त्या गरजेवर धंदा मांडला. असला माणूस प्रेक्षकांना इतका का आवडला, की त्याला मेलेला राहूच दिलं नाही? या चित्रपटाबद्दल पाऊणशे वर्षांत जे लिहिलं-बोललं गेलं, ते सगळं मला या एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतं.

गोष्ट माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. व्हिएन्ना तेव्हा अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि रशिया अशा चौघांत वाटलेली होती. सवंग वेस्टर्न कादंबऱ्या लिहिणारा हॉली मार्टिन्स हा अमेरिकन, हॅरीनं देऊ केलेल्या नोकरीसाठी तिथं येतो आणि थेट त्याच्या अंत्ययात्रेलाच पोचतो. हॅरी अपघातात गेला म्हणतात. प्रेत दोघांनी उचललं, असं सगळे सांगतात; इमारतीचा रखवालदार मात्र तिसरा माणूस पाहिल्याचं सांगतो. मार्टिन्स शोधू लागतो, हॅरीच्या प्रेयसीच्या, ॲनाच्या प्रेमात पडतो, ब्रिटिश मेजर कॅलोवेकडून पेनिसिलिनची हकिगत ऐकतो, आणि एका रात्री समोरच्या अंधाऱ्या दारात उभा असलेला हॅरी त्याला दिसतो. वरच्या खिडकीत दिवा लागतो, उजेड तोंडावर पडतो आणि हॅरी हसतो, चोरी पकडली गेलेल्या पोरानं हसावं तसा.

चित्रपटाचा जवळपास तास उलटून गेल्यावर हे घडतं. 104 मिनिटांच्या चित्रपटात वेल्स जेमतेम दहा-बारा मिनिटं दिसत असेल. पण तोवर प्रत्येकाच्या तोंडी हॅरीचंच नाव असतं. मित्र त्याच्या शाळेतल्या करामती सांगतो, प्रेयसी त्याचं हसणं आठवते, घरातली मांजर त्याच्याखेरीज कुणाला विचारत नाही आणि अंधारात त्याच्या बुटांपाशी जाऊन बसते. भेटण्याआधीच आपण त्याचे झालेले असतो. दिग्दर्शक कॅरल रीडनं हे फार विचारपूर्वक रचलं आहे. त्याचा एक पुरावा चित्रपटाच्या पहिल्या मिनिटात आहे. ब्रिटिश आवृत्तीच्या सुरुवातीला व्हिएन्नाची ओळख करून देणारा आवाज ऐकू येतो. तो आवाज खुद्द रीडचा, आणि बोलणारं पात्र आहे काळ्या बाजारातला एक अनाम माणूस. तो मिश्किलपणे धंद्याच्या खाचाखोचा सांगतो. या धंद्यात नवख्यांचा टिकाव लागत नाही असं म्हणत असतानाच पडद्यावर नदीत तरंगणारं प्रेत दिसतं. आणि आपल्याला हसू येतं. गोष्ट सुरू होण्याआधीच आपण चुकीच्या माणसाच्या शेजारी बसलो आहोत.

अमेरिकेत हा चित्रपट वितरित करणारा निर्माता डेव्हिड सेल्झनिक याला हे मानवलं नाही. त्यानं सुमारे 11 मिनिटं कापली आणि हे निवेदन बदलून जोसेफ कॉटनच्या, म्हणजे नायक मार्टिन्सच्या तोंडी घातलं. नीट, सभ्य, निरुपद्रवी. अमेरिकन प्रेक्षकांनी कित्येक वर्षं तीच आवृत्ती पाहिली. कात्रीत गेलेल्या प्रसंगांपेक्षा हा आवाज बदलण्यानं चित्रपटाचं जास्त नुकसान झालं, असं मला वाटतं. या सेल्झनिकला चित्रपटाचं नावही पसंत नव्हतं. ‘नाइट इन व्हिएन्ना’ हे त्यानं सुचवलेलं नाव, हे पटकथालेखक ग्रॅहम ग्रीननं पुढं लिहून ठेवलं आहे.

1949 मध्ये कान महोत्सवात चित्रपटाला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, ब्रिटनमध्ये तो तुफान चालला. पण समीक्षकांत एकमत नव्हतं. ‘ऑब्झर्व्हर’च्या सी. ए. लेजूनबाईंना कॅमेरा सारखा तिरका धरण्याचा त्रास झाला. जमिनी उतरत्या, माणसं कललेली; त्यांचं म्हणणं, लक्ष विचलित होतं. तक्रार एकट्या त्यांची नव्हती. दिग्दर्शक विल्यम वायलरनं तर रीडला गवंडी वापरतात तसली पाणसळ भेट पाठवली, पुढच्या वेळी कॅमेऱ्यावर ठेव म्हणून. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या बॉस्ली क्राउदरचा आक्षेप जास्त मूलभूत होता. त्यानं कसबाचं कौतुक केलं, पण हा चित्रपट म्हणजे उत्तम जुळवलेला थरारपट, त्यापलीकडे काही नाही, असं बजावलं. युरोपच्या प्रश्नांचा अभ्यास यात नाही, संदेश नाही, दृष्टिकोनसुद्धा नाही.

क्राउदर प्रामाणिक समीक्षक होता आणि त्यानं पाहिलेली गोष्ट खरी आहे: चित्रपट कुठंही उपदेश करत नाही. पण दृष्टिकोन नाही हे मला मुळीच मान्य नाही. मुलांच्या इस्पितळातला प्रसंग पाहा. लाइमला पकडून देण्याचं मार्टिन्सनं एकदा नाकारलेलं आहे. मेजर कॅलोवे त्याला विमानतळावर सोडायच्या मिषानं मधेच इस्पितळात नेतो. रीड एकाही मुलाचा चेहरा दाखवत नाही. खाटा दिसतात, परिचारिका दिसतात, वाकून पाहणाऱ्या मार्टिन्सचा चेहरा दिसतो, आणि एक परिचारिका खेळण्यातलं अस्वल उचलून खोक्यात टाकते. तेवढ्यानं कळतं की एक खाट रिकामी झाली. हा प्रसंग प्रचंड चक्राच्या प्रसंगानंतर येतो, हेही महत्त्वाचं. प्राटर बागेतल्या त्या 1897 सालच्या चक्राच्या डब्यातून वर गेल्यावर लाइमनं दार उघडून खालचे ठिपके मित्राला दाखवलेले असतात. त्यांतला एखादा ठिपका हलायचा थांबला, तर तुला खरंच वाईट वाटेल का? प्रत्येक ठिपक्यामागे 20,000 पौंड मिळाले तर? आणि त्यावर प्राप्तिकरही नाही! आपण वर, त्याच्याबरोबर असतो, आणि खरं सांगायचं तर त्याच्या बोलण्यावर लुब्ध असतो. रीड आपल्याला खाली आणतो तो त्या वॉर्डात. दृष्टिकोन म्हणजे आणखी काय असतं?

चक्राखालचं ते प्रसिद्ध भाषण वेल्सनं स्वतः लिहिलं, हे सर्वमान्य आहे. बोर्जियांच्या रक्तपातातून इटलीत मायकेलअँजेलो आणि लिओनार्दो निपजले, आणि पाचशे वर्षांच्या शांततेतून स्वित्झर्लंडनं काय दिलं, तर कोकिळेचं घड्याळ. अशी घड्याळं स्वित्झर्लंडची नव्हेत, जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टची, हे स्विस लोकांनीच नंतर लक्षात आणून दिल्याचं वेल्स सांगायचा. तरी हे भाषण लोकांना पाठ झालं. मला त्याची भीती वाटते ती यासाठी, की ते चुकीचं असूनही ऐकताना पटतं. चार-पाच वर्षांपूर्वीच युरोपात माणसं ठिपक्यांसारखी मोजून संपवली गेली होती, आणि इथं एक देखणा माणूस खिशात हात घालून त्याचं समर्थन करतो आणि टाळ्या घेतो.

वेल्सच्या या दहा-बारा मिनिटांनी समीक्षेत एक विचित्र अन्याय घडवला. चित्रपट वेल्सनंच केला असावा, अशी बोलवा उठली. तिरका कॅमेरा, लांब सावल्या, सोबत वेल्सच्याच ‘सिटिझन केन’मधला जोसेफ कॉटन, लोकांनी दोन आणि दोन पाच केले. 1968 साली अँड्र्यू सॅरिसनं अमेरिकन चित्रपटावरचं आपलं बहुचर्चित पुस्तक काढलं. त्यात वेल्सला देव्हाऱ्यात बसवलं आणि कॅरल रीडची वर्णी लावली ती ‘दिसतं त्यापेक्षा कमी’ अशा अर्थाच्या वर्गात. दिग्दर्शक हाच चित्रपटाचा कर्ता, हा विचार तेव्हा जोरात होता. रीडसारखा लेखकाचं, छायालेखकाचं, नटांचं उत्तम तेच जुळवून आणणारा माणूस त्यात बसत नव्हता. वेल्सनं मात्र मुलाखतींतून हा चित्रपट रीडचाच असल्याचं सांगितलं.

चित्रीकरणाची हकिगत पाहिली तरी शंका राहत नाही. 1948 च्या शेवटाला व्हिएन्नात तीन तुकड्या दिवस-रात्र काम करत होत्या आणि रीड उत्तेजक गोळ्या घेऊन तिन्हींवर हजर राहत होता. रस्त्यांवर अग्निशामक दलाकडून पाणी मारून घेतलं जायचं, म्हणजे दगडी फरसबंदी दिव्याच्या उजेडात चमकावी. वेल्स उशिरा आला आणि गटारात काम करायला कुरकुरला. तिथला बराच भाग बदली माणसांवर आणि इंग्लंडमधल्या सेटवर घ्यावा लागला. भिंतीवरून धावणारी लाइमची ती राक्षसी सावली सहायक दिग्दर्शक गाय हॅमिल्टनची आहे. गटाराच्या जाळीतून वर येणारी, हवेत चाचपडणारी बोटं, जी पाहून वेल्सच्या अभिनयाचं कौतुक होतं, ती खुद्द रीडची आहेत. छायालेखनाचं ऑस्कर रॉबर्ट क्रास्करला मिळालं, ते योग्यच झालं.

आणि अँटन करास. व्हिएन्नातल्या मद्यबागांत झिदर वाजवणारा हा साधा माणूस रीडला तिथंच सापडला. झिदर म्हणजे आपल्या स्वरमंडळाच्या जातीचं तंतुवाद्य. मोठा वाद्यवृंद बाजूला ठेवून रीडनं त्याला लंडनला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं आणि सबंध चित्रपटाला त्या एकाच वाद्याचं संगीत दिलं. ती धून 1950 मध्ये अमेरिकेत 11 आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. चित्रपट न पाहिलेल्यांनीसुद्धा ती गुणगुणली. करास व्हिएन्नाला परतला, त्यानं स्वतःची मद्यबाग काढली आणि तिला चित्रपटाचंच नाव दिलं. लाइमच्या लोकप्रियतेत या धुनेचा वाटा वेल्सइतकाच धरायला हवा. प्रेतावर, पाठलागावर, गोळीबारावर ती तशीच खेळकर वाजत राहते, कुणासाठी थांबत नाही.

हा चित्रपट न्वार म्हणावा की नाही, यावरही वाद झडले. न्वार म्हणजे अमेरिकन शहर, थकलेला गुप्तहेर, पुरुषाला नादी लावून बुडवणारी बाई, ही ठरीव खूण. इथं तसं काहीच नाही. बुडवणारा आहे तो मित्र. माझ्या मते म्हणूनच तो या प्रकारातला सर्वांत खोल चित्रपट आहे. 1963 नंतर त्याला आणखी एक अर्थ चिकटला. त्या वर्षी किम फिल्बी हा ब्रिटिश गुप्तचर अधिकारी मॉस्कोत पळून गेल्याचं उघड झालं. युद्धकाळात तो ग्रीनचा वरिष्ठ होता. त्यानं 1934 साली व्हिएन्नात डाव्या बंडखोरांना मदत केली होती. लाइम म्हणजे फिल्बी, असं समीकरण अनेकांनी मांडलं. ते सिद्ध करता येणार नाही. पण फिल्बीच्या आत्मचरित्राला ग्रीननं प्रस्तावना लिहिली हे खरं आहे, आणि देशद्रोही ठरलेल्या मित्राचं काय करायचं, हा प्रश्न त्यानं आधीच एका पटकथेत घालून ठेवला होता हेही खरं.

समीक्षकांचं मत हळूहळू पालटलं. मार्टिन स्कॉर्सेसीनं विद्यार्थी असताना या चित्रपटावर प्रबंध लिहिला, तर हा नुसता थरारपट आहे, सोडून दे, अशा आशयाचा शेरा त्याला मिळाला होता. पुढं 1999 साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या मतदानात विसाव्या शतकातला सर्वश्रेष्ठ ब्रिटिश चित्रपट म्हणून ‘द थर्ड मॅन’चीच निवड झाली. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटनं शंभर अमेरिकन चित्रपटांत त्याला 57 वं स्थान दिलं होतं. चित्रपट अमेरिकन आहेच कुठं, अशी ओरड झाली. 2007 च्या यादीत तो नव्हता.

या सगळ्या कौतुकात एक शहर गप्प राहिलं, आणि ते व्हिएन्ना. मार्च 1950 मध्ये चित्रपट तिथं लागला तेव्हा त्याला लंडनसारखी गर्दी खेचता आली नाही. त्या वर्षांत तिथल्या लोकांना आवडत होता ‘डेर होफराट गायगर’, डॅन्यूबकाठचं रम्य गाव, गाणी आणि जुनी प्रीत परत मिळाल्याची गोष्ट असलेला 1947 चा चित्रपट. त्याचा नायक होता पाउल ह्योर्बिगर. तोच ह्योर्बिगर ‘द थर्ड मॅन’मध्ये तिसऱ्या माणसाबद्दल बोलल्यामुळे मारला जाणारा रखवालदार झाला आहे. त्याला इंग्रजी येत नव्हतं, वाक्यं नुसती ध्वनी पाठ करून म्हटली. रजई पांघरून जिन्यात शिपायांवर खेकसणारी ती म्हातारी घरमालकीण म्हणजे हेडविग ब्लाइबट्रॉय, तिथल्या रंगभूमीची थोर अभिनेत्री. तिचं जर्मन बोलणं चित्रपट भाषांतरित करत नाही. परदेशी प्रेक्षकाला ती गंमत वाटते. व्हिएन्नाच्या प्रेक्षकाला तिचा शब्द न् शब्द कळत होता: आपल्याच घरात परके शिपाई शिरतात, बायामाणसांना उचलून नेतात, याचा तो संताप होता.

त्यांच्या जागी बसून पाहिलं की वेगळाच चित्रपट दिसतो. मार्च 1945 मध्ये जळालेला त्यांचा ऑपेरा अजून उभा राहायचा होता. चौघांचा ताबा 1955 पर्यंत उठणार नव्हता. रीडच्या कॅमेऱ्याला देखणे वाटलेले विटांचे ढीग त्यांच्या शेजाऱ्यांची घरं होती. प्राटरचं चक्रसुद्धा युद्धात जळालं होतं आणि 1947 मध्ये तीसऐवजी पंधरा डबे लावून पुन्हा फिरू लागलं होतं. काळा बाजार त्यांच्यासाठी रंजक पार्श्वभूमी नव्हती. बटाटे, कोळसा, औषध, सगळं त्याच वाटेनं यायचं. लाइम चक्रावरून ज्यांना ठिपके म्हणतो, ते ठिपके थिएटरात बसले होते. त्यांनी हा चित्रपट नाकारला याला मी अरसिकता मानत नाही. लाइमच्या हसण्यानं न भुललेला तो एकमेव प्रेक्षकवर्ग होता.

आज चित्र बदललं आहे. ऑपेराजवळच्या बुर्ग किनोमध्ये हा चित्रपट वर्षानुवर्षं नियमित दाखवला जातो. कार्ल्सप्लाट्झजवळ गोल पायऱ्या उतरून त्या गटारांत जाता येतं. महापालिकेचा गटार विभागच ही सहल चालवतो. चित्रपटाला वाहिलेलं खासगी संग्रहालय आहे, आणि तिथं नुसती छायाचित्रं-पोस्टरं नाहीत, युद्धोत्तर व्हिएन्नाच्या उपासमारीची, ताब्याच्या वर्षांची कागदपत्रंही आहेत. मला ते फार मोलाचं वाटलं. मात्र या तिन्ही ठिकाणी मला भेटलेले बहुतेक सगळे माझ्यासारखे बाहेरून आलेले होते.

आता राहिला शेवट, ज्यावर प्रेक्षक आजही भांडतात. लाइमला दुसऱ्यांदा, यावेळी खरोखर, पुरलं आहे. ॲना दफनभूमीच्या लांब रस्त्यानं चालत येते आहे. मार्टिन्स मेजरच्या जीपमधून उतरून वाटेत थांबतो. ती दुरून येते, जवळ येते, त्याच्याकडे न बघता निघून जाते. मिनिटभर चालणारं हे एकच सलग दृश्य. ग्रीनच्या मूळ कथेत ती त्याच्या हातात हात घालते. असल्या करमणुकीच्या गोष्टीला कडू शेवट पेलणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. रीडनं ऐकलं नाही, आणि रीडचंच बरोबर ठरलं हे ग्रीननं नंतर मोकळेपणानं छापलं.

पाहणाऱ्यांत मात्र दोन तट पडतात, माझ्या ओळखीच्या मंडळींतही. एक म्हणतात, ॲना आंधळी आहे. मुलं मारणाऱ्यासाठी झुरते आणि भल्या माणसाला लाथाडते. हा आरोप मला फार उथळ वाटतो. ॲनाला सगळं कळलेलं आहे. हॅरीचा पेनिसिलिनचा धंदाही तिला ठाऊक आहे. ती त्याचं समर्थन कधीच करत नाही. तिचं म्हणणं एवढंच, की त्याला धरून द्यायला मी मदत करणार नाही. मार्टिन्स आधी तयार होतो तो तिची सुटका व्हावी म्हणून. सौद्यात तिची किंमत लावतो, तिला न विचारता. तिला ते स्टेशनवर उमगतं आणि ती सुटकेची गाडी सोडून देते. मुलांसाठी लाइमला पकडून देणं योग्यच होतं, त्याबद्दल माझ्या मनात किंचितही संशय नाही. पण तेवढं केल्यावर बक्षीस म्हणून ती बाई आपल्याला मिळेल, ही आशा कुठल्या हक्कानं? मार्टिन्सनं जीपमधून उतरायलाच नको होतं.